शब्दचर्चा : ८ डिसेंबरचा ‘निष्कलंक गर्भसंभव’ नेमका कोणाचा?

खिळेजुळारी (नाशिकरोड)
एका गिऱ्हाइकाचं भिंतीवरचं कॅलेंडर लावतोय. बाळ येशूची फेब्रुवारीतली यात्रा, गुड फ्रायडे, नाताळ यांत अडचण नाही. पण ८ डिसेंबरच्या ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ या कॅथलिक सणासाठी तीन ओळी आल्यात : ‘येशूची निष्कलंक गर्भधारणा’, ‘मरियेची निष्कलंक गर्भधारणा’ आणि ‘मरियेचा निष्कलंक गर्भसंभव’. पहिल्या दोन्हींचा अर्थ एकच ना? आणि नाताळच्या सतरा दिवस आधी गर्भधारणा, हे गणित काय आहे?

वडाळा नाका
पहिली ओळ काढूनच टाका. हा सण येशू मरियेच्या उदरी आला त्याचा नाही. मरिया स्वतः तिच्या आईच्या, म्हणजे संत ॲनाच्या उदरी आली त्याचा आहे. नाशिकरोडला जिच्या नावाचं चर्च आहे, तीच ही ॲना. गणित तारखांतच आहे : ८ डिसेंबरपासून नऊ महिने मोजा, ८ सप्टेंबर येतो, मरियेचा जन्मदिवस. वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा त्याच सुमाराला भरते. येशूसाठी वेगळी जोडी आहे, २५ मार्च आणि २५ डिसेंबर.

घोळ व्हायला कारणंही आहेत. सण आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांत येतो, तेव्हा सगळं लक्ष नाताळकडे असतं. त्यातून त्या दिवशी मिसेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला देवदूताच्या निरोपाचा भाग वाचतात, म्हणजे येशूच्याच गर्भसंभवाचा! ऐकणारा दुसरं काय समजणार? तो भाग निवडलाय तो देवदूत मरियेला ‘कृपापूर्ण’ म्हणतो म्हणून. फादरांचा झगा बघा, आगमनकाळातला जांभळा जाऊन त्या दिवसापुरता पांढरा होतो.

आता दुसरी ओळ. ही जास्त फसवी. ‘सीतेची गर्भधारणा’ म्हटलं की सीता गरोदर राहिली असंच आपण समजतो. धारण करणारी ती आई. तसं ‘मरियेची गर्भधारणा’ म्हटलं की वाचक थेट येशूवर जातो, म्हणजे पहिल्या ओळीचाच अर्थ मागच्या दाराने आत. ‘गर्भसंभव’ उदरात येणाऱ्या जिवाकडून बोलतो. म्हणून तिसरी ओळ.

पंचवटीकर
‘निष्कलंक’ मला खटकतो. मग इतरांच्या आया काय कलंकित? आणि ॲनालाही नवऱ्याविना मूल झालं असं म्हणायचंय का?

वडाळा नाका
नाही. मरियेला आईबाप दोन्ही होते, परंपरेनुसार बापाचं नाव योआकिम. ती चारचौघांसारखीच जन्माला आली, शिकवणीत शरीरसंबंधाला नावं ठेवलेली नाहीत. कलंक म्हणजे इथं बदनामी नव्हे, आदिपाप : आदामापासून सगळ्या माणसांना वारशाने येणारी, देवाच्या कृपेला पारखी झालेली अवस्था. मरिया अस्तित्वाच्या पहिल्या क्षणापासून त्यापासून राखली गेली, एवढाच दावा. कुमारीच्या पोटी येशूचा जन्म ही शिकवण निराळी. शरणपूरचे प्रॉटेस्टंट ती मानतात, ही मानत नाहीत.

जुना मेनरोड
मग मरियेला तारणाऱ्याची गरजच नव्हती की!

वडाळा नाका
नेमकं इथंच शतकानुशतकं अडलं होतं. थॉमस अक्वायनससारख्या पंडितालाही हे पटलं नव्हतं. डन्स स्कोटस या मध्ययुगीन धर्मपंडिताने तोड काढली : खड्ड्यात पडलेल्याला वर काढणं हे तारण, तसं पडण्याआधीच हात धरणं हेही तारणच, उलट वरच्या दर्जाचं. म्हणून शिकवणीत ‘ख्रिस्ताच्या पुण्याईमुळे’ ही अट आहे, मरियेची स्वतःची कमाई नाही. सण फार जुना. पोप नववे पायस यांनी मात्र ही श्रद्धा बंधनकारक म्हणून घोषित केली ती ८ डिसेंबर १८५४ रोजी. चारच वर्षांनी फ्रान्समधल्या लूर्दला बर्नादेत या मुलीने सांगितलं, की दर्शन देणाऱ्या बाईने स्वतःची ओळख याच नावाने करून दिली. तिथून ते नाव घरोघरी गेलं.

पंचवटीकर
‘अमलोद्भव’ कसा वाटतो? छोटा आहे, चौकटीत बसेल.

वडाळा नाका
तमिळ ख्रिस्ती लोकांत त्याचंच रूप चालतं. मराठीत ‘अमल’ म्हटलं की एक तर पेशव्यांचा, नाही तर भांगेचा. नको.

खिळेजुळारी (नाशिकरोड)
ठरलं. ‘मरियेचा निष्कलंक गर्भसंभव’, दोन ओळींत मोडून. ८ सप्टेंबरची चौकट रिकामी दिसतेय, तिथं ‘मरियेचा जन्म’ टाकू का हे गिऱ्हाइकाला विचारतो.