उंच उडालेला चेंडू मुलांच्या डोक्यावरून मागे पडतो. सराव कसा घ्यावा?

क्रीडाशिक्षक, सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका शाळेत 12 ते 14 वर्षांच्या मुलांना बेसबॉल शिकवतो. ही मुले गल्लीत टेनिस बॉलने क्रिकेट खेळतच मोठी झालेली असल्याने जमिनीवरून येणारा चेंडू सहज अडवतात. परंतु आउटफिल्डमध्ये (मैदानाच्या मागच्या भागात) उंच फटका आला की बहुतेक जण आधी चार पावले पुढे धावतात आणि चेंडू त्यांच्या मागे जाऊन पडतो. गेल्या आठवड्यात एका मुलाच्या गालाला चेंडू लागला. तेव्हापासून तो ऐन वेळी मान फिरवतो. सराव कोणत्या क्रमाने घ्यावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना सेंटर फिल्डर

सर, आपण सांगितलेली चूक हातांची नसून पहिल्या पावलाची आहे. सरळ अंगावर येणारा उंच चेंडू ओळखणे सर्वांत अवघड असते, कारण त्याची कमान बाजूने दिसत नाही. त्यामुळे अंदाज येईपर्यंत पहिले पाऊल मागेच टाकावे: चेंडू उजवीकडे जात असेल तर उजवा पाय मागे घेऊन कंबर वळवायची आणि नजर चेंडूवर ठेवून धावायचे. उलट्या पावलांनी मागे सरकण्याची सवय मात्र मोडावी, कारण त्यात वेग मिळत नाही आणि मूल पाठीवर पडते. आठवडाभर चेंडूशिवाय, केवळ आपल्या हाताच्या इशाऱ्यावर हे पाऊल घोटून घ्यावे. त्यानंतर हाताने फेकलेला चेंडू द्यावा आणि बॅटचा फटका सर्वांत शेवटी.

सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवले की, हवेचा अवरोध बाजूला ठेवला तर, योग्य जागी उभ्या असलेल्या खेळाडूला समोरून येणाऱ्या चेंडूच्या उन्नत कोनाचा टॅन्जंट एकसारख्या गतीने वाढताना दिसतो. मुलांना हे गणित सांगण्याची गरज नाही. चेंडू नजरेत झपाट्याने वर चढू लागला तर तो मागे जाणार, चढता चढता रेंगाळला तर पुढे पडणार, एवढे त्यांच्या डोळ्यांना कळले की पाय आपोआप वळतात. धावताना ग्लोव्ह पुढे ताणून धरू देऊ नये आणि चवड्यांवर धावायला लावावे. टाचा आपटल्या की डोके हलते आणि चेंडू थरथरताना दिसतो.

सॉफ्टबॉल प्रशिक्षिका

गालाला चेंडू लागलेल्या मुलाची मला अधिक काळजी वाटते. बेसबॉलचा चेंडू 142 ते 149 ग्रॅमचा आणि कठीण असतो, तर टेनिसचा 60 ग्रॅमपेक्षाही हलका. त्या मुलाला काही दिवस ग्लोव्हशिवाय, टेनिस बॉलवर, दोन्ही हातांनीच झेल घेऊ द्यावेत आणि इतरांसमोर त्याला भित्रा म्हणू नये. झेल कपाळाच्या किंचित वर आणि पुढे, फेकणाऱ्या हाताच्या खांद्याच्या बाजूला घ्यावा. दुसरा हात ग्लोव्हला लागूनच असावा.

फेकणाऱ्या हाताजवळ झेल घेण्यामागे कारण आहे: तिथून लगेच थ्रो करता येतो. क्रिकेटमध्ये फलंदाज झेलबाद झाला की चेंडू मृत होतो, म्हणून आपली मुले झेल घेऊन आनंद साजरा करू लागतात. बेसबॉलमध्ये मात्र दोनपेक्षा कमी जण बाद असतील, तर चेंडूचा क्षेत्ररक्षकाला स्पर्श होताच तिसऱ्या बेसवरील (धावपटूच्या तिसऱ्या थांब्यावरील) धावपटू धाव पूर्ण करण्यासाठी होमकडे (फलंदाजाच्या जागेकडे) पळू शकतो. म्हणून प्रत्येक झेलानंतर थ्रो झालाच पाहिजे, अगदी सरावातसुद्धा.

एक पालक, सोलापूर

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या मुलाला चेंडू दिसतच नाही. सराव सकाळी लवकर घ्यावा, तसेच ग्लोव्हने सूर्य झाकून त्याच्या कडेने चेंडू पाहण्याची सवय टेनिस बॉलवर लावावी.

क्रीडाशिक्षक, सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सोमवारपासून चेंडूशिवाय पहिल्या पावलाचा सराव सुरू करतो. एक अडचण राहिली: दोन मुले एकमेकांना "घे, घे" म्हणतात आणि चेंडू मधोमध पडतो.

जुना सेंटर फिल्डर

"घे" हा शब्दच बंद करावा. ज्याला झेल घ्यायचा आहे त्यानेच "माझा, माझा" असे मोठ्याने ओरडावे. दोघेही ओरडले तर सेंटर फिल्डरला (आउटफिल्डच्या मधल्या खेळाडूला), तसेच इनफिल्डरपेक्षा (बेसजवळच्या खेळाडूपेक्षा) पुढे धावत येणाऱ्या आउटफिल्डरला प्राधान्य द्यावे, कारण त्याला चेंडू समोर दिसत असतो.