गळती मोजायची कोणी?
"२०१० मध्ये अमेरिकी सरकारने बीपी या तेलकंपनीला हाकलून मेक्सिकोच्या आखातातली मकाँडो ही गळणारी तेलविहीर स्वतःच का बंद केली नाही," हा प्रश्न रास्त आहे. पण १५०० मीटर खोलीवर काम करणारे रोबो तटरक्षक दलाकडे नव्हतेच, ते तेलउद्योगाकडे होते. १९९० च्या कायद्यानुसार सफाईचा खर्च कंपनीचा, देखरेख तटरक्षक दलाची. (नुकसानभरपाईला मात्र तेव्हा साडेसात कोटी डॉलरची मर्यादा होती! बीपीने ती सोडून दिली, हा भाग वेगळा.) सरकार खरं चुकलं ते मोजमापात. आधी रोज १०००, मग ५००० बॅरल तेल गळतंय असं म्हणत राहिले. नंतरच्या अंदाजात सुरुवातीचा प्रवाह ६२,००० निघाला. मेअखेरीस जड ड्रिलिंग मड (विहीर खोदताना वापरतात तो चिखलासारखा द्रव) रेटून विहीर दाबायचा प्रयत्न फसला तो याच जोरामुळे. मड खाली उतरेना, वरूनच बाहेर फेकला जाई.