कुडाळात दुसरी शाखा काढू का? आणि मॅकडोनाल्ड्स एका दुकानातून जगभर गेलं कसं?

घावणेवाला_कणकवली

नमस्कार मंडळी. हायवेला लागून आमचं छोटं हॉटेल आहे, सहा टेबलांचं. सकाळी घावणे, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. बुधवारी-रविवारी कोंबडी-वडे. उसळ आई करते, घावणे बायको काढते, गल्ल्यावर मी. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईकर उभ्या-उभ्या खातात, जुलैत मात्र माशा मारत बसतो.

गेल्या आठवड्यात कुडाळचा एक ओळखीचा माणूस आला. म्हणाला, तुमचं नाव द्या, मसाला द्या, माझ्या गाळ्यात मी हेच चालवतो. विक्रीवर काही टक्के तुमचे. पुण्याचा भाचा तेव्हापासून पेटलाय. "मामा, मॅकडोनाल्ड्सपण एकाच दुकानातून सुरू झालं होतं!" आई म्हणते, "माका ह्यातला काय कळणा नाय, पण माझी उसळ थंय कोण करतला?"

मला आईचा प्रश्न जास्त खरा वाटतो, पण भाच्याशी वाद घालायला माहिती नाही. त्या एका दुकानाचं एवढं झालं कसं? पदार्थच तेवढा भारी होता का? आणि टक्के किती मागू?

लाल_माती

टक्के नंतर. आधी त्या कुडाळवाल्याला जुलैत पंधरा दिवस तुमच्या गल्ल्यावर बसवा. गणपतीतली गर्दी बघून सगळ्यांनाच हॉटेल काढावंसं वाटतं.

वेंगुर्ल्याची_सून

दादा, लग्नाआधी कॉलेजात असताना मी अंधेरीच्या मॅकडोनाल्ड्समध्ये वर्षभर काम केलंय. आता घरीच न्याहारी-निवास चालवते, म्हणजे तुमची दुखणी मलाही आहेत. जरा लांब लिहिते.

पदार्थ भारी नव्हता. रिचर्ड आणि मॉरिस या मॅकडोनाल्ड भावांचं कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला 1940 पासून हॉटेल होतं. गाडीत बसलेल्या गिऱ्हाईकाला पोरी ट्रे नेऊन द्यायच्या. चांगलं चालत होतं. तरी 1948 मध्ये त्यांनी ते तीन महिने बंद ठेवलं. हिशेब काढला तर बहुतेक विक्री हॅमबर्गरचीच. मग पंचवीसेक पदार्थांचे नऊ केले. वाढणाऱ्या पोरी गेल्या, बशा गेल्या, कागद आला. बर्गर 30 सेंटचा 15 सेंटला. गिऱ्हाईकाने उतरून खिडकीशी यायचं. सुरुवातीला लोक फिरकेनात, म्हणाले हे काय नवीन! गर्दी परतायला काही महिने लागले.

मला सगळ्यात आवडते ती टेनिस कोर्टाची गोष्ट. नवीन स्वयंपाकघर बांधण्याआधी त्यांनी कोर्टावर खडूने त्याचा नकाशा काढला. इथे तवा, इथे बन, इथे पाकिटं. आणि कामाच्या पोरांना त्या रेघांमध्ये खोटं-खोटं काम करायला लावलं. कोण कुणाला धडकतो, कुणाला दोन पावलं जास्त पडतात ते बघायचं, पुसायचं, परत काढायचं. आपल्या खळ्यात पोरींनी लंगडीचे चौकोन आखावेत तसं. दादा, तुमची बायको घावण्याच्या तव्यापासून चटणीच्या भांड्यापर्यंत दिवसातून किती वेळा वळते, मोजलंय कधी?

अंधेरीला मी फ्राइजवर होते. तळणाला वेळ लावलेली, शिटी वाजली की जाळी वर. बटाटे भरायला नरसाळ्यासारखं फावडं, म्हणजे पाकिटात माझ्या हातून जेवढे पडतील तेवढेच माझ्यानंतर येणारीच्या हातून. पहिल्या आठवड्यात मला त्याचा राग यायचा. माझ्या हाताला काही किंमतच नव्हती ना! नंतर कळलं, ते मुद्दामच तसं केलेलं होतं. तुमच्या आईंचा प्रश्न नेमका इथेच येऊन अडतो.

आता वाढ. दुकान भावांनी उभं केलं, पण पसरवलं रे क्रॉक यांनी. मिल्कशेक घुसळायची यंत्रं विकणारा माणूस, वय 52. या भावांकडे त्याची आठ यंत्रं आहेत हे बघून 1954 मध्ये तो तिथे गेला. भावांना फारशी धावपळ नको होती. याने फ्रँचायझी, म्हणजे त्यांचं नाव आणि पद्धत वापरून दुकान चालवायचा परवाना, वाटायचं काम घेतलं आणि 15 एप्रिल 1955 ला इलिनॉयमध्ये डेस प्लेन्सला स्वतःचं दुकान उघडलं.

टक्के विचारलेत ना? दुकानदाराकडून विक्रीच्या 1.9 टक्के. त्यातले 0.5 भावांना, उरले 1.4. एवढ्यात क्रॉक यांच्या कंपनीचं भागेना. मार्ग काढला कंपनीचा पैशाचा कारभार बघणाऱ्या हॅरी सोनबोर्न यांनी, 1956 मध्ये. आधी जागा कंपनीने भाड्याने घ्यायची किंवा विकत घ्यायची, मग तीच जास्त भाड्याने दुकानदाराला द्यायची. बर्गरवर टक्का, वर जागेचं भाडं. दुकानदाराने बर्गरात लबाडी केली तर जागाच हातातून जाणार. खरा पैसा तिथे होता. तुमच्या बाबतीत गाळा कुडाळवाल्याचा आहे, म्हणजे लगाम त्याच्या हातात.

आणि भावांचं काय झालं? 1961 मध्ये 27 लाख डॉलर घेऊन सगळं क्रॉक यांना विकलं. मूळचं दुकान त्यांच्याकडेच राहिलं, पण स्वतःचंच आडनाव पाटीवर लावता येईना. "द बिग एम" लावावं लागलं. क्रॉक यांनी जवळच नवीन मॅकडोनाल्ड्स उघडलं आणि काही वर्षांत भावांचं बंद पडलं. नाव द्यायच्या आधी हे भाच्याला वाचून दाखवा.

घावणेवाला_कणकवली

बाप रे. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ताई, म्हणजे मी पदार्थ कमी करू? कोंबडी-वडे बंद?

वेंगुर्ल्याची_सून

छे! तुमच्या हॉटेलात हवं ते करा. कुडाळला काय जाणार, तेवढंच ठरवायचंय. घावणे नाही जाणार, त्याला हात लागतो. उसळ जाईल, मसाला वजनावर बसला तर.

पापलेट_प्रेमी

सगळं वरूनच ठरतं असं नाही हं. 1962 मध्ये सिनसिनाटीत लू ग्रोन नावाचा दुकानदार होता. वस्ती कॅथलिकांची, उपासाच्या शुक्रवारी कुणी मांसाला शिवेना, धंदा बसलेला. त्याने माशाचं सँडविच काढलं. क्रॉक यांना मात्र पावात अननसाची चकती घालायची होती! शेवटी पैज लागली, एका शुक्रवारी दोन्ही विकायची, जास्त खपेल ते राहणार. ग्रोन सांगायचे, त्या दिवशी माशाची 350 खपली, अननसाची सहा. फिले-ओ-फिश ते हेच. बिग मॅकसुद्धा पेनसिल्व्हेनियातल्या एका दुकानदाराने आणला, 1967 मध्ये.

उपासाला मासा खाणारी माणसं! इथे आमचा श्रावण लागला की घरात बांगड्याचं नाव काढायची सोय नाही.

मॅकडोनाल्ड्सवाले आपल्याकडे 1996 मध्ये आले तेव्हा गाय-डुक्कर दोन्ही सोडलं, आलू टिक्की आणली, मेयोनीज बिनअंड्याचं केलं. शाकाहारी भाग वेगळा, तिथल्या पोरांना हिरवे एप्रन.

वेंगुर्ल्याची_सून

हो, हिरवा एप्रन मी घातलाय. आणि पहिलं दुकान उघडायच्या कितीतरी आधी इथे बटाटा, लेट्यूस, पाव, थंड गाड्या यांची जुळवाजुळव चालू होती. आपण आधी पाटी रंगवतो.

लाल_माती

पाटीचा रंग आणि उद्घाटनाला आमदार.

घावणेवाला_कणकवली

सगळ्यांचे आभार. कुडाळवाल्याला गणपतीनंतर बघू म्हणून सांगितलंय. भाचा रुसलाय.

काल उसळीचा मसाला वजनावर बसवायला घेतला. आई वाटीला हात लावू देईना, म्हणाली मुठीनेच घालणार. शेवटी पातेल्याच्या आधी वजनकाटा ठेवला आणि तिला मूठ त्यावर रिकामी करायला लावली. तीन दिवस, तेवढेच वाटाणे, तेच पातेलं. पहिली मूठ 42 ग्रॅम, दुसरी 38, तिसरी 47. मी म्हटलं, आई, बघ, रोज वेगळी पडते. तर म्हणते, "वेगळी पडतलीच. काल पाऊस व्हतो ना?"

काट्यावर पाऊस कुठे लिहायचा, ते ताई तुम्हीच सांगा.