झेनचे लोअर आर्म बदलले, तरी खड्ड्यात खट्ट आवाज येतोच

जांबोटी_रोड: २००२ ची मारुती झेन. दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारे लोखंडी हात) बॉल जॉइंटसकट (टोकाचा गोळ्याचा सांधा) नवे घातले. आठच दिवसांत डावीकडून बारीक खड्ड्यात खट्ट आवाज, गाडी डावीकडे ओढते, आणि डाव्या जॉइंटच्या रबरी टोपीतून ग्रीस बाहेर आलंय. मिस्त्री म्हणतात, "नवा माल हाय, बसंल हळूहळू." रोज खानापूर-जांबोटी जाणं-येणं. काय काय परत उघडायला सांगू?

उद्यमबाग_फिटर: बॉल जॉइंट बसत वगैरे नसतो हो. पहिल्या दिवशी ढिला तो कायमचा ढिला.

आधी आडवा बोल्ट काढून बघा. तुमच्या गाडीत बॉलचा दांडा खालून नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाच्या) भोकात शिरतो. दांड्याच्या गळ्याला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतूनच जातो. दांडा पुरता वर चढला नसेल तर बोल्ट अडतो. मग घाईत हातोडीने ठोकतात. आटे खरवडतात, पाना जड लागतो, बोल्ट आवळला असं वाटतं, पण दांड्यावर पकड नसते. आवाज तिथूनच येतो.

बोल्टाच्या अंगावर चकाकता घासलेला पट्टा दिसला किंवा तो जरा जरी वाकला असेल तर फेकून द्या. नवा घेताना डोक्यावरचा मजबुतीचा आकडा जुळवा, १०.९ च्या जागी ८.८ चालणार नाही. आर्मखाली जॅक लावून दांडा वर ढकला. बरोबर आला की बोल्ट निम्म्याहून जास्त हातानेच जातो. भोक पोखरून वाट करायची नाही.

आणखी एक. जुना दांडा काढताना नकलच्या भोकाची चीर छिन्नी मारून फाकवतात. आवळल्यावर चिरेचे दोन्ही ओठ एकमेकांना टेकले आणि दांडा तरीही हलतोय, तर भोक झिजलंय. नकल बदला. पत्र्याची पट्टी कोंबून देतील, घेऊ नका.

निपाणी_अलाइनमेंट: ओढण्याचं वेगळं. आर्मच्या बुशचे (गाडीकडच्या रबरी सांध्यांचे) बोल्ट बहुतेक गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आवळलेत. रबर तिथेच पिळून धरलं जातं आणि गाडी खाली आली की सतत ताणात राहतं, लवकर फाटतं. बोल्ट ढिले करा, चाकं जमिनीवर आणा, पुढून चार वेळा दाबून सोडा, मग आवळा. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) त्यानंतर, आधी केलेलं वाया. तरी ओढली तर पुढचे टायर डावे-उजवे बदला. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा.

टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाकाला येणाऱ्या दांड्याचा सांधा) उघडला असेल तर त्याचा नट अडवणारी स्प्लिट पिनही बघा. पिनचं भोक जुळवायला नट मागे फिरवायचा नसतो, पुढेच न्यायचा. नटाला खाचा सहा, म्हणजे फार तर ६० अंश.

जांबोटी_रोड: आणि फाटलेली टोपी? नुसती टोपी बदलून चालेल का?

उद्यमबाग_फिटर: ग्रीस बाहेर आलं म्हणजे आपल्याकडचा तांबडा चिखल आत गेलाच. बॉल घासला जाणार, आर्मच बदला. जुन्या आर्ममध्ये जॉइंट दाबून वर वेल्डिंगचे टाके मारतात, ते तर नकोच. उष्णतेने आतली प्लास्टिकची वाटी जाते.

घरी तपासायचं तर चाक उचला, खाली घोडा (स्टँड) लावा, वर-खाली धरून हलवा. मग दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून परत हलवा. खेळ (ढिलेपणा) गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिला तर आर्म आणि नकलच्या मध्ये पहार घालून उचका, हलणारी जागा डोळ्यांना दिसते.

जांबोटी_रोड: होय की, उद्याच चाक उचलतो.