घरच्यांना घेऊन सुशी खायला गेलंय का कोणी? (आमच्या नानांची काडी)

दादरची_भाकर
आज वरण-बट्टी आहे म्हणून उंडे वाफवायला ठेवले आणि शिजले का बघायला ड्रॉवरमधून काडी काढली. आठ वर्षं झाली ही काडी बट्ट्यांनाच वापरतेय मी. आज धाकटी विचारते, मम्मी ही चॉपस्टिक आपल्याकडे कुठून आली, हिची जोडीदार कुठेय? बसले मग तिथेच ओट्यापाशी.

दिराची नोकरी पक्की झाली तेव्हा त्याने सगळ्यांना पुण्याला बोलावलं. नऊ जण महाराष्ट्र एक्सप्रेसने गेलो, सोबत डब्यात कळण्याच्या भाकरी नि ठेचा होताच. संध्याकाळी हा पठ्ठ्या घेऊन गेला जपानी हॉटेलात. सासरे आमचे रावेरकडचे, जन्म केळीच्या बागेत गेलेला, सगळे त्यांना नानाच म्हणायचे. तिथे टेबलाशेजारून पट्टा फिरतो नि त्यावर ताटल्या येतात. नाना खुर्चीवर मांडी घालून बसले नि म्हणे ही पंगत भारी आहे, वाढप्या बसून आणि ताट चालतंय. मग डोळे मिटून श्लोक सुरू. श्लोक संपेस्तोवर काकडीवाली ताटली निघून गेली, परत फिरून येईपर्यंत नाना मान वळवून वळवून तिचीच वाट बघत होते, दुसरं काही घेईनात.

खरी गंमत पुढे. बिल ताटल्या मोजून होतं, रंगावर भाव. नाना शिस्तीचे, खाऊन झालं की रिकामी ताटली परत पट्ट्यावर ठेवून द्यायचे! चार-पाच गेल्या तशा, कोणाचं लक्षच नाही. मग वेटर पोरगा पळत आला, दीर लालेलाल. पोरग्याने नानांचं बोलणं ऐकलं नि विचारलं, बाबा गाव कोणतं? तो निघाला चोपड्याचा! मग काय, बिल राहिलं बाजूला, कापसाला भाव काय, पाऊस कसा. आतून हिरव्या मिरच्या, मीठ नि चिरलेला कांदा घेऊन आला नानांसाठी. निघताना नानांनी त्याच्या हातात पन्नासची नोट कोंबली आणि चॉपस्टिकची जोडी खिशात घातली, म्हणे दात कोरायला. एक नातवाने मोडली, एक ही.

नाना जाऊन तीन वर्षं होतील आता. तुमचेही असे अनुभव असतील तर लिहा ना.

तापीकाठ
रिकाम्या ताटल्या परत पट्ट्यावर हाहाहाहा. ताई, गिऱ्हाईकाने आपलं बिल आपणच कमी करायची ही आयडिया जगात पहिली असेल.

कुकरची_शिट्टी
वसाबीचा किस्सा सगळेच सांगतील म्हणून मी सांगणार नव्हते पण आमच्या सासूबाईंचा वेगळा आहे. ठाण्याला नणंदेकडे गेलो होतो तेव्हाचा. नणंद आधीच ओरडली, आई ते हिरवं चटणीसारखं घेऊ नको. आता फैजपूरच्या बाईला तिखट नको म्हणायचं म्हणजे!! घेतलं की बोटभर. आम्ही सगळे श्वास रोखून. त्यांनी डोळे मिटले, नाक दाबलं, दोन मिनिटांनी म्हणतात, "हे तिखट नाहीच, ही फेसलेली मोहरी आहे, लोणच्याची." आणि बरोबर निघालं हो! ह्यांनी मोबाइलवर शोधलं, खरं वसाबी म्हणजे एका झाडाचं खोड असतं, महाग, आणि किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याचा झणका उतरतो, म्हणून बहुतेक ठिकाणी मोहरीची पूड आणि हॉर्सरॅडिश नावाचं मूळ मिसळून हिरवा रंग घालतात. सासूबाईंनी मोबाइल न बघता ओळखलं. त्या दिवसापासून नणंद त्यांच्यासमोर स्वयंपाकाचं काही बोलत नाही. शिट्टी झाली, येते

उकाई_बॅकवॉटर
आम्ही नवापूरकडचे, मासा रोजचाच. धरणाच्या पाण्याचा मासा, बाजारात सुकट बोंबील. म्हणून मला वाटलं आबा खूश होतील. सुरतला नेलं. ताटलीत गुलाबी तुकडा भातावर बसलेला बघून आबा म्हणाले, "हाई काय शे रे? चूल पेटाडाले इसरी ग्यात का?" मी म्हटलं आबा असंच खातात. "माले नई जमे भो." मग पूर्ण जेवण त्यांनी वाफवलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा सोलून खाण्यात काढलं. एक वाटी, दोन वाट्या, तीन. बाहेर आल्यावर हिशोब, शेतात सोयाबीन क्विंटलने जातं आणि इथं वाटीभर शेंगांना इतला पैसा, पुढच्या साली मी भी वाटीनेच विकसू.

तापीकाठ
आबांना कृषिमंत्री करा

भुसावळ_जंक्शन
कच्च्या माशाचं म्हणाल तर मी हॉटेललाइनमध्ये होतो नऊ वर्षं. लोकांना वाटतं ताजा पकडला नि दिला. उलट आहे. त्यात जंत असू शकतात म्हणून आधी गोठवतात, अमेरिकेच्या नियमात उणे २० अंशाला ७ दिवस आहे. आणि जपानमध्ये पूर्वी साल्मन कच्चा खायचेच नाहीत, हे नॉर्वेवाल्यांनी १९८० नंतर त्यांच्या गळी उतरवलं. म्हणजे आपल्याकडे शेवभाजी बाहेरच्याने येऊन शिकवावी तसं. मूळची सुशी तर अजूनच निराळी, मासा टिकावा म्हणून भातात महिनोन्महिने दाबून ठेवायचे, भात आंबायचा, मग भात फेकून मासा खायचा. भात फेकायचा!! आमच्या आजीने ऐकलं असतं तर.

ओवा_की_जिरं
ताई विषय सोडून विचारते, बट्टीच्या पिठात तुम्ही मका घालता का? माझ्या उंड्यांना मधे गाठ राहते

दादरची_भाकर
हो गं, गहू जाडसर दळताना थोडा मका टाकते, ओवा नि हळद पिठात. गाठ राहते कारण तू उंडे जाड वळत असशील, बारीक वळ. आणि कापून तुपात तळताना घाई नको.

लेकीची_आई
आम्ही माळकरी. लेक पहिल्या पगाराचं जेवण द्यायला घेऊन गेली, तिने आधीच फोन करून व्हेज आहे ना विचारलं होतं. सूप आलं, वर टोफूचे तुकडे, छान गरम, मी पाऊण वाटी प्यायले. बाजूच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला काकू, त्याच्या पाण्यात सुक्या माशाचा अर्क असतो. मासा दिसत नाही म्हणून व्हेज म्हणतात बरेच जण. लेक रडायलाच लागली. मी तिला म्हटलं, अगं राहू दे, विठोबाला माहितीय मी काय समजून प्यायले. घरी येऊन आंघोळ केली, दुसऱ्या दिवशी एकादशी नव्हती तरी उपास धरला. लेकीला नाही सांगितलं. आज पहिल्यांदाच लिहितेय कुठे.

कुकरची_शिट्टी
ताई, काही मनाला लावून घेऊ नका. लेकीच्या आनंदासाठी गेलात हो तुम्ही. त्या सुपाच्या पाण्याला दाशी म्हणतात, मीही नंतरच शिकले. आम्ही आता आधी तेच विचारतो, दाशी कशाची? समुद्री शेवाळाची किंवा मशरूमची असेल तर चालतं.

लेकीची_आई
दाशी. लिहून ठेवते. थँक्यू ताई

धुळ्याचा_जपान
ओसाकात सहावं वर्ष. नानांचा किस्सा वाचून सांगतो, तो फिरता पट्टा इथलाच, १९५८ साली इथल्या एका हॉटेलवाल्याला बिअरच्या कारखान्यात बाटल्या पट्ट्यावरून जाताना बघून सुचला. आईबाबा आले होते तेव्हा आम्ही अशाच ठिकाणी गेलो. बाबांना सगळं आवडलं, नोरीला, म्हणजे सुशीभोवती गुंडाळतात त्या समुद्री शेवाळाच्या पातळ पापुद्र्याला, ते बिबड्याचा (आपल्या ज्वारीच्या पापडाचा) काळा भाऊ म्हणायचे. आईला चॉपस्टिक धरता येईनात तर तिने वैतागून दोन्ही काड्या भाताच्या वाटीत उभ्या खोवल्या आणि हाताने खायला लागली. आता इथे काड्या भातात उभ्या फक्त मयताच्या भातात करतात. मी उठेपर्यंत शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी हळूच हात पुढे केला, काड्या काढल्या, आडव्या ठेवल्या नि आईला मान लववली. आईला काहीच कळलं नाही, तिने पण मान लववली, पर्समधून खजूर काढून त्यांना दिला. त्यांनी घेतला. दोघी अर्धा तास बोलत होत्या, एक अहिराणीत एक जपानीत. मी मधे पडलो तर आई म्हणे "तू उगा र्‍हाय". आणि हाताने खाल्लं ते चुकलंच नव्हतं, सुशी हातानेच खातात बरेच जण.

ओवा_की_जिरं
अग्गं बाई खजूर

एकटा_मोर
आमचं शेवटचं एकत्र जेवण असंच होतं, मुंबईला, भावाच्या घराजवळ. अळूवडीसारखे रोल आले होते. जेवता जेवता वाटणीचा विषय निघाला, विहिरीचा. कोण काय खाल्लं आठवत नाही. चार वर्षं झाली. बाकी काय लिहू.

भुसावळ_जंक्शन
भाऊ, एक फोन कर. नुसता कसा आहेस म्हण. विहिरीचं नंतर.

एकटा_मोर
बघू

तापीकाठ
कळण्याचं पीठ पुण्याला कोणी येतंय का या आठवड्यात? दोन किलो हवंय. बायको म्हणते भरीत केलंय पण पोळीबरोबर खाणार नाही. थंडी पडली, बामणोदची वांगी मिळाली आणि भाकरी नाही, काय दिवस आलेत

ओवा_की_जिरं
माझा भाचा येतोय रविवारी, मेसेज करा

दादरची_भाकर
किती लिहिलंत सगळ्यांनी, मी मधे मधे वाचत होते नि हसत होते, लेकीची आई ताईंचं वाचून मात्र थांबले. धाकटीला तुमचा ओसाकाचा किस्सा मोठ्याने वाचून दाखवला भाऊ, ती म्हणते आपले नाना तिथे असते तर त्या आजींना केळी दिली असती घडभर. दिली असती. उंड्यांत काडी घालून बघितली, अजून पीठ चिकटतंय, गॅस थोडा वाढवून येते.