आज्ञाचक्रावर लक्ष ठेवलं की कपाळ जड होतं, कुठे चुकतंय?

विक्रोळीकर

नमस्कार. अडीच महिन्यांपासून रोज पहाटे 5.15 ते 5.50 ध्यानाला बसतो. घर एका खोलीचं, त्यामुळे कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत उठावंच लागतं. पद्धत एका व्हिडिओतून घेतली आहे: कण्याच्या तळाशी असलेल्या मूलाधारापासून डोक्याच्या माथ्यावरच्या सहस्रारापर्यंत सात चक्रं, प्रत्येकी 5 मिनिटं, त्या त्या चक्राचा रंग डोळ्यांसमोर आणायचा आणि बीजमंत्र (एकाक्षरी मंत्र) मनात म्हणायचा.

नाभीजवळच्या मणिपूरापर्यंत ठीक जातं. छातीतल्या अनाहतावर हृदयाची धडधडच जास्त ऐकू येते. आज्ञाचक्रावर आलो की दोन-तीन मिनिटांत भुवयांच्या मध्ये दाब येतो आणि कपाळ दुपारपर्यंत जड राहतं. शरीर पुढे-मागे डुलतं ते वेगळंच. व्हिडिओखाली लोक लिहितात की ही चक्र उघडत असल्याची खूण आहे. खरं आहे का? शिवाय भिंतीवरच्या तक्त्यातले रंग आणि जुन्या ग्रंथांतले रंग जुळत नाहीत, त्यातलं धरायचं कोणतं?

पार्लेकर

आधी कपाळाचं बघू. असा दाब बहुतेक वेळा चक्राचा नसतो, डोळ्यांचा असतो. ‘भुवयांच्या मध्ये लक्ष’ म्हटलं की मिटलेल्या पापण्यांआड बुबुळं वर आणि आत वळतात, आठी पडते, दात एकमेकांवर बसतात आणि श्वास नकळत अडकतो. पाच मिनिटं हे सगळं धरून ठेवलं तर कपाळ जड होणारच. उद्या त्याच वेळी एका बोटानं भुवयांच्या मधली कातडी हलकेच चाचपून पाहा. आठी हाताला लागली की कारण सापडलं.

भ्रूमध्य हे आज्ञाचक्राचं क्षेत्र आहे, चक्राचं स्थान त्याच्या मागे, आत, कण्याच्या वरच्या टोकाशी मानतात. म्हणून तिथे ‘पाहायचं’ नाही. झोपेत असतात तसे डोळे खाली सैल सोडा, जीभ सैल, वरच्या-खालच्या दातांत तांदळाच्या दाण्याएवढी फट. मग श्वास आत येताना नाकाच्या मुळाशी जो गारवा लागतो तेवढाच जाणवू द्या. दहा-बारा श्वास पुरे. दाब सुरू झाला तर जोर लावू नका, लक्ष सरळ छातीत उतरवा.

अनाहताचंही तसंच. लक्ष डाव्या बाजूच्या धडधडीकडे जातं, कारण तिथे हालचाल आहे. जागा तिथे नाही. छातीच्या मधल्या हाडाच्या मागे, कण्याला लागून आहे. पाठीकडून जाणवायचा प्रयत्न केलात तर धडधड मागे पडते.

डुलण्याची दोन कारणं असतात. एक, कंबर मागे कलंडलेली. अशा बैठकीत माकडहाडावर भार येतो, पाठ गोल होते आणि डोकं तोलायला शरीर सतत हलतं. दुसरं, पहाटेची डुलकी. ताठ बसलेल्या माणसाला नाडीच्या ठोक्यागणिक अगदी बारीक हेलकावा जाणवतो, तो स्वाभाविक आहे, तिकडे दुर्लक्ष करा. पण डुलणं ही प्रगतीची खूण समजू नका. पतंजलींनी योगसूत्रांत (1.31) ‘अंगमेजयत्व’, म्हणजे अंगाची थरथर, दुःख आणि दौर्मनस्याच्या ओळीत बसवली आहे. ती चित्त विखुरल्याची सोबतीण आहे.

आता मुख्य चूक, जी मला या सगळ्याच्या मुळाशी वाटते. पस्तीस मिनिटांत सात चक्रं फार झाली. मन बसायलाच चार-पाच मिनिटं जातात. तुम्ही ते बसलं की उपटून पुढच्या जागी लावता. धारणा म्हणजे चित्ताला एका जागी बांधणं (3.1), सात जागी फिरवणं नव्हे. तीच पस्तीस मिनिटं अशी वापरा:

पहिली 5 मिनिटं फक्त बैठक. काही करायचं नाही, खांदे, पोट, जबडा एकेक करून सैल.
मग 4 मिनिटं नाडीशोधन, म्हणजे आलटून-पालटून एकेका नाकपुडीनं श्वास: डावीकडून 4 मोजत श्वास घेणं, उजवीकडून 8 मोजत सोडणं, पुन्हा उजवीकडून घेऊन डावीकडून सोडणं. हे एक आवर्तन, अशी 9. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नाही. 8 पर्यंत सोडताना शेवटी धाप लागत असेल तर 3 आणि 6 करा.
मग भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुंजन, 5 ते 7 वेळा, आवाज बारीक, ओठ मिटलेले. कपाळ सैल व्हायला याच्याइतका सोपा उपाय नाही. बोटं डोळ्यांवर ठेवत असाल तर बुबुळांवर दाब नको.
मग 16 मिनिटं एकच जागा. तुमच्या तक्रारी पाहता अनाहत घ्या आणि किमान सहा आठवडे बदलू नका.
उरलेला वेळ नुसतं बसा. ही शेवटची मिनिटं लोक कापतात आणि लगेच फोन उचलतात. नेमकं तिथेच मनाला मुरायला वेळ मिळतो, म्हणून ती कापू नका.

गिरगावची

रंगांविषयी. इंद्रधनुष्याच्या क्रमानं लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा अशी जी चक्रं तक्त्यावर दिसतात ती गेल्या शतकातली पाश्चात्त्य जोड आहे. तक्त्यांचा मूळ आधार म्हणून ज्याचं नाव सांगतात ते ‘षट्चक्रनिरूपण’ पूर्णानंदांनी 1577 मध्ये लिहिलं. त्यात मणिपूराच्या पाकळ्या पाण्यानं भरलेल्या ढगासारख्या काळसर आहेत आणि पोटात अग्नीचा लाल त्रिकोण. अनाहताच्या पाकळ्या बंधूकाच्या, म्हणजे आपल्याकडच्या दुपारीच्या फुलासारख्या लाल. विशुद्ध, म्हणजे कंठातलं चक्र, धुराच्या रंगाचं, आज्ञा चंद्रासारखं पांढरं. हिरवं तिथे काहीच नाही.

रंगापेक्षा तत्त्वाची आकृती धरा. ती मनात टिकते आणि शास्त्राला धरूनही आहे: मूलाधारात पृथ्वीचा चौकोन, स्वाधिष्ठानात पाण्याची चंद्रकोर, मणिपुरात त्रिकोण, अनाहतात वायूचा षट्कोन, विशुद्धात आकाशाचं वर्तुळ. चित्र स्पष्ट दिसलं नाही तरी बिघडत नाही. ‘इथे षट्कोन आहे’ एवढी जाणीव पुरते. जबरदस्तीनं दिसवायला गेलात की पुन्हा डोळे ताणले जातात.

पाकळ्यांचा हिशेब मात्र एकदा करून पाहाच: 4, 6, 10, 12, 16 आणि 2, बेरीज 50. प्रत्येक पाकळीवर संस्कृत वर्णमालेतलं एक अक्षर. मूलाधारावर वं, शं, षं, सं, विशुद्धावर सोळा स्वर, आज्ञेवर हं आणि क्षं. सहस्राराच्या हजार पाकळ्यांत हीच पन्नास अक्षरं वीस वेळा येतात. म्हणजे ही सगळी रचना अक्षरांच्या न्यासाची आहे, मंत्र शरीरात मांडण्याची. म्हणून अमुक चक्र म्हणजे अमुक ग्रंथी ही आजची जोडणी या ग्रंथांत सापडत नाही.

शरीरात चक्रं शोधायचा खटाटोप आपल्या मुंबईशी संबंध असलेल्या दोघांनी केला होता. 1875 मध्ये इथे आर्य समाज स्थापन करणाऱ्या स्वामी दयानंदांनी त्याआधी, भटकंतीच्या काळात, नदीतून वाहत आलेलं प्रेत कापून चक्रं शोधली आणि न सापडल्यावर सोबतची पुस्तकं प्रेताबरोबर नदीत सोडली, असं त्यांच्या आत्मकथनात आहे. आणि मुंबईचेच डॉ. वसंत रेळे यांनी 1927 मध्ये कुंडलिनी (मूलाधारात सुप्त मानलेली शक्ती) म्हणजे उजवा व्हेगस मज्जातंतू असं मांडलं. मला दोन्ही वाटा प्रामाणिक वाटतात, पण साधना करणाऱ्यानं चक्राला लक्ष ठेवायची जागा मानावं, अवयव मानू नये.

ठाणेकर

पार्लेकरांच्या मांडणीला एक पुरवणी आणि एक मतभेद.

मतभेद असा की आज्ञाचक्र नवख्यासाठी वर्ज्यच, असं समजू नये. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या परंपरेत सुरुवातच आज्ञाचक्रापासून करतात: आधी वरचं नियंत्रण, मग खालची हालचाल. पण तिथे ते शिक्षकासमोर बसून होतं. व्हिडिओवरून करणाऱ्याला अनाहतच बरं, इथपर्यंत सहमत.

पुरवणी बंधांविषयी (स्नायू आवळून धरण्याच्या क्रिया), कारण पुढचा व्हिडिओ मूलबंधाचाच येणार. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या वर्णनाआधी ‘वज्रासन’ येतं. ते वाचून पुष्कळ जण जेवणानंतर बसतो त्या वज्रासनात बसतात. माउलींनी ते मूळबंधाचंच दुसरं नाव म्हणून दिलं आहे. टाच शिवणीला (गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्या मधल्या भागाला) लावून बसायची ती बैठक आजच्या सिद्धासनाच्या जवळची आहे. मूलबंध करताना नवख्याचे नितंब, मांड्या आणि पोट सगळंच आवळतं. आवळायची ती फक्त शिवणी, गुदद्वाराच्या पुढची. 5 सेकंद धरून 5 सेकंद सैल, असं 5 वेळा, श्वास चालू ठेवून. चेहरा आवळला गेला तर जोर जास्त लागतोय. गरोदरपणात किंवा मूळव्याधीचं रक्त जात असताना नको.

भस्त्रिका आणि जोराची कपालभाती हे झटक्यानं श्वास घेण्या-सोडण्याचे प्रकार ‘चक्र लवकर उघडावं’ म्हणून करू नका. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू असेल तर मुळीच नाही. हठप्रदीपिकेच्या दुसऱ्या अध्यायात प्राण हा सिंह-हत्ती-वाघासारखा हळूहळूच वश होतो असं सांगून, लगेच पुढे चुकीच्या प्राणायामाचे परिणाम दिले आहेत: उचकी, दमा, खोकला आणि डोकं, कान, डोळे यांच्या वेदना. कपाळ जड होणं शुभ मानणाऱ्यांनी तो श्लोक काढून वाचावा.

आणि दोन-तीन रात्री झोप उडाली, विचारांचा वेग आवरेना, उगाच भीती दाटली किंवा आवाज ऐकू यायला लागले, तर साधना त्याच दिवशी बंद करून मनोविकारतज्ज्ञांना भेटा. चालू असलेली औषधं ध्यानाच्या भरवशावर थांबवू नका.

विक्रोळीकर

खूप आभार सगळ्यांचे. आठी हाताला लागली, अगदी दोरीसारखी. अजून दोन शंका. साध्या मांडीत बारा मिनिटांत डाव्या पायाला मुंग्या येतात. आणि बीज ‘लॅम, वॅम, रॅम’ म्हणायचं की ‘लं, वं, रं’? शिवाय आमच्या मागून पहिल्या लोकल जातात, त्याचं काय करायचं?

पार्लेकर

मुंग्या बहुतेक उंची कमी पडल्यामुळे. सोलापुरी चादर घट्ट घड्या घालून साधारण चार इंच उंच करा आणि तिच्या पुढच्या काठावरच बसा, पूर्ण मध्ये नको. गुडघे कमरेच्या खाली गेले पाहिजेत. एक गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली टॉवेलची घडी. ज्या पायाला मुंग्या येतात तो मांडीत खाली आणि दाबाखाली असेल, म्हणून रोज पाय आलटून-पालटून घ्या किंवा स्वस्तिकासनात बसा. तरी येत असतील तर खुर्चीवर बसा, पाठ न टेकता, तळवे जमिनीला पूर्ण लागलेले. खुर्चीनं ध्यान कमी होत नाही. बधिर पायावर घाईनं उठून मात्र उभे राहू नका.

बीज ‘लं’च. ‘लॅम’ हा रोमन लिपीतून वाचल्याचा परिणाम आहे. अ साधा, मग ओठ मिटून गुंजन. अनाहताला ‘यं’. पहिले बारा श्वास सोडताना हळू आवाजात, पुढचे बारा ओठांतल्या ओठांत, मग मनात. घरच्यांची झोप मोडायची नसेल तर थेट दुसऱ्या पायरीपासून.

लोकलचा आवाज अडवू नका, कानात कापूस घातला तर स्वतःची धडधड आणखी मोठी ऐकू येते. गाडी आली की तेवढा वेळ श्वास सोडणं लांब करा, गेली की परत छातीच्या मागे या. आणि पावसाळ्यात खिडकी बंद करावी लागली तर पंखा एकवर ठेवून त्याच्या झोताच्या बाहेर बसा. घाम वाळताना मान आखडते आणि मान आखडली की कपाळाचं दुखणं पुन्हा येतं.