फुगलेल्या पुंगळ्या पुन्हा भराव्यात का? तुमचे अनुभव सांगा

झाडलेल्या पुंगळ्यांत, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळ्यांत, घरी पुन्हा दारू (बंदुकीची) आणि बुलेट भरणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी हा धागा. पिस्तुलाच्या, त्यातही .४० एस अँड डब्ल्यू या मापाच्या, बुडाशी फुगलेल्या पुंगळ्या तुम्ही सरळ करून वापरता का? स्वतः पाहिलेलं, केलेलं लिहा. ऐकीव नको.

टेक्सास
फुगवटा येतो कुठून ते आधी बघा. सुरुवातीच्या ग्लॉक २२ पिस्तुलात काडतूस सहज आत सरकावं म्हणून चेंबरची (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) खालची कड, फीड रॅम्पपाशी (काडतूस आत चढतं तो उतार), जरा जास्त कापलेली असे. तिथे पितळेला आधार नाही, आणि .४० ची कमाल दाबमर्यादा ३५,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). .४५ एसीपीची २१,००० च आहे, म्हणून तिथे हा त्रास कमी. रेंजवरच्या पुंगळ्यांत प्रायमरवर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) ग्लॉकचा आयताकृती ठसा दिसला की मी ती बाजूला काढतो आणि बुडाजवळ नख फिरवतो. डोळ्याला न दिसणारा उंचवटा नखाला लागतो.

ओहायो
शेजारच्या लेनमध्ये पुंगळी फुटलेली मी पाहिली आहे. आवाज नेहमीपेक्षा मोठा, मॅगझिन खाली आदळलं, त्या गृहस्थांचा तळहात बधिर. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. पुंगळीला बुडाच्या जरा वर भोक पडलं होतं. गॅस तिथून मॅगझिनच्या वाटेने खाली गेला. तेच पितळ ते पुन्हा पुन्हा भरत होते.

नॉर्थ कॅरोलायना
नेहमीची साइझिंग डाय (पुंगळी दाबून मूळ मापात आणणारा साचा) शेलहोल्डरपर्यंतच (बूड धरणारा तुकडा) पोचते, बूड तसंच राहतं. म्हणून मी पुंगळी आरपार ढकलायची डाय वापरते. .४० आणि .४५ ला चालते, नऊ एमएमला नाही, कारण ती पुंगळी निमुळती. पण ताणून कमजोर झालेलं पितळ त्याने पुन्हा मजबूत होत नाही! केस गेजमध्ये (माप तपासायचा साचा) बसली म्हणजे शाबूत आहे असं समजू नका. फुगवटा अगदी थोडा असेल तरच ढकलते. चंद्रकोरीसारखी घडी दिसली की पक्कडीने चेपून भंगारात; न चेपता टाकली तर दुसरं कोणी उचलतं.

ऍरिझोना
ताईंशी सहमत. भर एवढीच: फुगीर काडतूस चेंबरमध्ये नीट बसलं नाही की लोक तेच पुन्हा पुन्हा चढवून बघतात. त्यात बुलेट आत दबते, दारूला जागा कमी उरते आणि दाब वाढतो. असं काडतूस मी झाडत नाही, बुलेट पुलरने बुलेट उपसून उघडतो.

न्यू जर्सी
चेंबरला पूर्ण आधार देणारी बॅरल बसवल्यावर माझ्या पुंगळ्या फुगायच्या थांबल्या. रेंजवरची .४० मी उचलतच नाही, ती आधी किती वेळा भरली गेली हे कळायला मार्ग नाही. १० एमएमची मर्यादा तर ३७,५०० पीएसआय आहे. ती भरणारं कोणी आहे का इथे? बुडाची तपासणी कशी करता?